शेवटाच्या आधी उठणारा माणूस

चोरीचा सिनेमा शेवटपर्यंत बघायचा तर माणसाची संध्याकाळ त्याच्या मालकीची असावी लागते. माझ्या मित्राची नव्हती. ती सरकारजमा होती.

सरळच सांगतो. हा मित्र ज्या जमातीत जन्मला तिला सरकारनं कायदा करून गुन्हेगार ठरवलं होतं. जमातीचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा आधी आपला खिसा चाचपतो आणि पुढचं वाचत नाही. त्यानं काही केलं होतं का? नाही. त्याच्या बापानं? नाही. तरीही त्याच्या वस्तीतल्या प्रत्येक बाप्यानं रोज उजाडताना आणि रोज दिवेलागणीला गावच्या चावडीपुढं उकिडवं बसायचं, पोलीस पाटलानं नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. एकदा चुकलं तर दम, दुसऱ्यांदा चुकलं तर ठाणं, आणि वर कुणाच्या मनात आलं तर सेटलमेंट. म्हणजे तारेच्या कुंपणातली वसाहत, बायकापोरांसकट. कामधंदा, घर, सगळं मागं टाकून. हे सगळं आपल्या पोटात ठेवून आपला समाज रविवारी दुपारी निवांत सिनेमा बघत होता. मीही बघत होतो.

आमची ओळख माधवनगरात झाली. तो तिथल्या एका कापड गिरणीत सुताच्या खात्यात होता आणि मी सुट्टीच्या भोंग्याला दारात पत्रकं वाटायचो. मी मूळचा मेढ्याकडचा. शिकायला म्हणून सांगलीत आलो आणि शिकणं सोडून पत्रकं लिहायला लागलो. बावीस वर्षांचा होतो. एका पानात दहा उद्गारचिन्हं पडली नाहीत तर लिहिलं असं मला वाटतच नसे. बाकीचे कामगार पत्रक घ्यायचे आणि त्यात तंबाखू बांधायचे. हा दुसऱ्या दिवशी पत्रक परत घेऊन आला.

"वाचलं," म्हणाला. "राग लय हाय गड्या. पुरावा कुठं हाय?"

मी भडकलो. भोंगा होऊन गेला तरी आम्ही भांडत होतो. भांडण पुरं झालं नाही म्हणून येत्या रविवारी, गिरणीच्या सुट्टीला, सांगलीत भेटायचं ठरलं. भेटलो ते एका थिएटरपुढं. वर भलामोठा रंगवलेला फलक होता. काळा हात, त्यात मोत्यांचा हार, मागं पिस्तूल घेतलेला टोपीवाला. तो त्या फलकाकडं टक लावून बघत राहिला आणि आमचं भांडण तिथंच राहिलं.

त्यानंतर एकही रविवार आम्ही सोडला नाही. चोरीचा, खुनाचा, रहस्याचा खेळ लागला की आम्ही पिटातल्या, सगळ्यात स्वस्त बाकावर. घड्याळामागचं गुप्त दार, आरामखुर्चीत मेलेला मालक, बुरखेवाला, तळघर, आणि तोंडात पाइप धरून चालणारा गुप्तहेर. त्या वर्षांत लढाई चालू होती. प्रत्येक खेळाआधी लढाईच्या बातम्यांचा रीळ सक्तीनं दाखवत. रणगाडे, सलाम, पुन्हा रणगाडे. लोक शिट्ट्या मारत. तो मात्र बोटं मोडत बसायचा. तीनला खेळ सुरू. वीस मिनिटं रणगाडे. सव्वाचारला मध्यंतर. आणि पावणेपाचला त्याला उठलंच पाहिजे, कारण सांगलीहून माधवनगर आणि तिथून पुढं त्याचं गाव, पायी दोन तासांची वाट.

"ह्ये तोफखानं नसतं तर आनखी ईस मिंटं घावली असती," तो म्हणायचा.

सरकारनं त्याला दोन्हीकडून कातरला होता. पुढून लढाई, मागून हजेरी. मधे जे उरेल तेवढा त्याचा सिनेमा.

पण तेवढ्यात तो चोर ओळखायचा. त्याचा आजा गावचा राखणदार होता, मातीतल्या पावलांवरून माणूस सांगायचा. ज्या घराकडं चोर धरायला गाव धावत जायचं, त्याच घराला सरकारनं चोर ठरवलं, हे मी दोन पत्रकांत लिहिलं होतं. तो ते कधी बोलायचा नाही. तो पडद्यावरच्या गुप्तहेराशी भांडायचा.

"भिंग कशाला लावतंय रं त्ये? डोळं फुटल्यात का?"

पुढच्या बाकावरचा वळायचा. "ए, गप की! आमाला बघू दे."

"बघा की. पर त्या मुनीमाकडं बघा. त्यो दरवक्ताला दाराच्या आतल्या अंगाला हुबा हाय."

पावणेपाच झाले की तो उठायचा. कितीही वाकला तरी त्याचं डोकं उजेडाच्या झोतात यायचं आणि पडद्यावर, नेमकी हिरॉइन रडत असताना, काळी गोल सावली सरकत जायची. "ए, बस खाली!" म्हणून सगळं पीट ओरडायचं. दर रविवारी. मग दार किलकिलं व्हायचं, उन्हाचा पट्टा आत यायचा, आणि तो गेलेला असायचा.

सोमवारी गिरणीच्या दारात त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "कोन निघाला?"

इथं मी काय केलं ते सांगतो.

पहिल्याच खेळात त्यानं डॉक्टरवर बोट ठेवलं होतं. तो गेल्यावर शेवट आला. चोर निघाला रानातल्या झोपडीत राहणारा एक काळा माणूस. कानात बाळी, केस पिंजारलेले, कमरेला सुरा. त्याच्या जातीचा धंदाच चोरीचा, असं गुप्तहेर इन्स्पेक्टरला समजावून सांगतो. मग चाबूक. चाबकाच्या तिसऱ्या फटक्याला कबुली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यापुढं बसलेले एक शाळामास्तर शेजारच्याला म्हणाले, "हे असलेच." माझं डोकं सणकून गेलं. आणि सोमवारी तो समोर उभा राहून विचारतोय, कोण निघाला.

"डॉक्टर," मी म्हणालो.

त्यानं मांडीवर थाप मारली. "म्या म्हनलं न्हवतं?"

त्याचा तो चेहरा बघून मला वाटलं, मी मोठं काम केलं. पुढं सवयच लागली. त्यानं मुनीम म्हटलं की मुनीम, पुतण्या म्हटलं की पुतण्या. एकदोनदा ते खरंही होतं. बाकी वेळा पडद्यावर तोच झोपडीतला माणूस, तीच बाळी, तोच चाबूक. मी जगाला खरं सांगायला निघालो होतो आणि एका मित्राला दर सोमवारी खोटं सांगत होतो.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की तो हे शेवट पुढं नेत होता. दिवेलागणीला चावडीपुढं सगळे उकिडवे बसले, पाटील यायला वेळ असला, की हा रांगेत सिनेमा सांगायचा. बाया कडेला उभ्या राहून ऐकायच्या. पोलीस पाटील उसाचा बागायतदार, थोरला मुलगा पलटणीत, माणूस खाष्ट. पण तोही हजेरीचं बुक मांडीवर ठेवून ऐकायला लागला. नावं पुकारायची राहायची.

"मग फुडं?"

"फुडं काय पाटील, मुनीमच निघाला."

"लेका, समद्या शिनमात मोठीच मानसं कशी रं चोर?"

"आवं पाटील, वाड्यातल्या तिजोरीपातुर जायला वाट कुनाला असती? तुमीच सांगा."

पाटील हसला म्हणे. आणि त्या हसण्याच्या भरात एक दिवस त्यानं दाखला लिहून दिला. एका संध्याकाळच्या हजेरीची सूट. "एकदा शेवट आपल्या डोळ्यानं बघून ये, आन् मला बैजवार सांग."

मित्रानं तो कागद चार घड्या उलगडून मला दाखवला. मी तिथंच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. त्या आठवड्यात सांगलीत चोरीचा एकच खेळ लागला होता आणि मी तो पाहिलेला नव्हता. चार दिवस मनात एकच, ह्याचा तरी शेवट बरा असू दे.

रविवारी आम्ही बसलो. रणगाडे झाले. खेळ सुरू झाला. एका श्रीमंताच्या घरातून दागिन्यांची पेटी जाते. मालक आजारी. घरात एक दिवाणजी, गोड बोलणारा, चकचकीत. गावाबाहेर एक झोपडी. झोपडी अगदी सुरुवातीलाच दिसली आणि मी शेजारी वळून बघितलं. त्यानंतर मी पडद्याकडं कमी आणि मित्राकडं जास्त बघत होतो. तो हनुवटी पुढं काढून, डोळे न मिटता बघत होता. मध्यंतरात म्हणाला, "दिवान." चहासुद्धा प्याला नाही.

पावणेपाचला त्याचे पाय हलायला लागले. तो अर्धा उठलाच. मी सदऱ्याला धरून खाली ओढला.

"बस की. दाखला हाय न्हवं?"

"व्हय रं," म्हणाला आणि बसला. पण गुडघे हलतच होते. त्यांना दाखल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

शेवट आला. चोर झोपडीतला निघाला. पळाला, धरला, चाबूक, कबुली. टाळ्या.

आम्ही बाहेर आलो. ऊन उतरलं होतं पण दिवस होता. तो चालता चालता थांबला.

"मागलं समदं... डाक्टर, मुनीम, पुतन्या. त्ये खरंच निघालं हुतं?"

मी खाली बघितलं.

"हं," एवढंच म्हणाला आणि माधवनगरच्या वाटेला लागला. मी मागनं हाक मारली नाही.

सोमवारी तो गिरणीत आला नाही. त्याच्या खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, दुपारच्या सुट्टीत दारात भेटला. "तुमचा सोबती चावडीत बसवलाय. गावातल्या इंजिनाचा पट्टा गेला म्हनं. फौजदार यायचाय."

मी भाड्याची सायकल घेतली आणि सुटलो.

झालं होतं ते असं. रविवारी संध्याकाळी गावच्या एका मळ्यात विहिरीवरचं इंजिन बंद करून गडी जनावरांना पाणी दाखवायला गेला. दिवेलागणीला पट्टा काढून घरी न्यायला परत आला तर पट्टा नाही. चामड्याचा, चांगला रुंद. लढाईच्या दिवसांत तसला पट्टा शोधूनही मिळत नव्हता. आणि त्या वेळी वस्तीतले सगळे बाप्ये चावडीपुढं रांगेत होते. नावं पुकारली होती, सगळे हजर होते. सरकार ज्यांना चोर म्हणतं ते त्या घटकेला सरकारच्याच डोळ्यांपुढं बसले होते. एकटा माझा मित्र तेवढा रांगेत नव्हता. गावात आणखीही पुष्कळ माणसं होती, पण त्यांची हजेरी घेत नाहीत, त्यामुळं ती कुठं होती हे कुणी विचारत नाही.

पावणेपाचला थिएटरातून उठला असेल तर नेमका दिवेलागणीला त्या विहिरीवर पोचतो. शेवटपर्यंत बसला असेल तर पोचूच शकत नाही. सगळं एकाच प्रश्नावर आलं होतं. शेवट बघितला की नाही?

फौजदार तीनच्या सुमाराला आले, बरोबर एक शिपाई. वस्तीतल्या बाप्यांना बोलावून रांगेत बसवलं होतं. पाटलाला घाम फुटला होता, कारण दाखल्यावर त्याची सही.

"शेवट काय होता?" फौजदारांनी विचारलं.

"दिवान चोर हाय," मित्र म्हणाला. सकाळच्या हजेरीला त्यानं रांगेतही तेच सांगितलं होतं.

शिपाई हसला. "सायब, म्या शनवारी बघितलाय ह्यो खेळ. चोर दिवान न्हवं. ह्यांच्यातलाच निघतो."

रांगेत हालचाल झाली. मी पुढं झालो. "मी याच्या शेजारी बसलो होतो. शेवटपर्यंत."

"आपण कोण?"

"पत्रकं वाटत्यात, सायब," पाटील म्हणाला.

"असं? मग तुम्ही सांगा. चोर कोण निघाला?"

हजारभर माणसांपुढं माझा आवाज कधी बसला नव्हता. तिथं वीसेक माणसं उकिडवी बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. दिवाण म्हणावं तर शिपाई तिथं उभा.

"झोपडीतला," मी म्हणालो. "चाबकानं कबूल होतो."

रांगेतला एक म्हातारा मित्राकडं वळला. "आरं, मग इतक्या दिसांचं त्ये डाक्टर आन् मुनीम?"

मित्रानं माझ्याकडं बघितलं नाही. फौजदार म्हणाले, "झालं. साक्षीदार एक सांगतो, हा दुसरं सांगतो. म्हणजे हा शेवटाला तिथं नव्हता. पाटील, याच्या घरातल्या माणसांची यादी करा." यादी म्हणजे सेटलमेंट. कडेला उभी असलेली त्याची बायको रांगेत येऊन त्याच्या मागं बसली. माझं खोटं ज्याला सुखाचं वाटलं होतं, त्याला माझ्या खऱ्यानं तारेच्या कुंपणात घातला होता.

तेव्हा तो बोलला. शांतपणे, एकेक ठेवल्यासारखं.

"सायब, म्या शेवट बघितला. पळताना त्या मानसाचं तळवं दिसत्यात. अनवानी हाय, टाचंला भेगा. चाबूक मारत्यात तवा बी अनवानी. झोपडीत दोन मडकी आन् एक वाकळ, पायताणसुदिक न्हाई. आन् खेळाच्या सुरवातीला, खिडकीखाली वाफ्यात ठसा हाय, गुप्त पोलीस फीत लावून मोजतो. त्यो बुटाचा हाय. टाच खोल, मधी मोकळं, फुडं चवडा. ज्यानं जन्मात बूट घातला न्हाई त्याचा ठसा बुटाचा कसा? मालक अंथरुनात. गुप्त पोलीस चोरीच्या मागनं आलेला. बूट घालून घरात फिरनारा एकच, दिवान. म्या खोटं न्हाई सांगितलं. चोर दिवानच हाय. शिनमावाल्यांनी भलताच धरला."

फौजदार शिपायाकडं वळले. "ठसा बुटाचा होता?"

शिपायानं मान खाजवली. "हुता, सायब. टाच दिसत हुती. आन् तळवं बी दिसत्यात पळताना. खरं हाय. म्या इचार न्हाई केला."

"तू कशाला करशील," फौजदार म्हणाले. आणि पाटलाच्या हातातला यादीचा कागद मागून घेतला.

मघाचा म्हातारा रांगेतनं बोलला, "आवं सायब, मग त्या शिनमावाल्याला आनून बसवा की हितं, आमच्या वळीत."

एक हसला, मग सगळे हसले. पाटलानंही तोंडावर हात घेतला. फौजदार हसले नाहीत, पण यादीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. तळव्यांचं जो सांगतो तो शेवटाला तिथं होता, हे त्यांना मानावं लागलं. जाताना पाटलाला म्हणाले, "दाखले बंद. कुणालाही." पाटलानं मान डोलावली. पट्टा कुणी नेला ते आजतागायत कळलेलं नाही.

मित्र मला सायकलपर्यंत सोडायला आला.

"किती डाव खोटं बोललास?"

"सात-आठ."

"उगं बोललास. न्हाई बोलला असतास तरी म्या म्हनत हुतो त्येच हुतं. तू नीट बघितलं न्हाईस." आणि चावडीकडं परत गेला, कारण ऊन कलायला लागलं होतं.

मी पत्रक लिहायला बसलो. चार वेळा बसलो. राग होता, पण त्या बुटाचं मी काय लिहिणार? मी तो पाहिलाच नव्हता. त्या खेळात मी मित्राचं तोंड बघत होतो आणि आधीच्या खेळांत माझंच डोकं तापलेलं.

काही महिन्यांनी सभेसाठी साताऱ्याला गेलो होतो. तिथं तोच खेळ लागलेला. सभा सोडून दुपारच्या खेळाला शिरलो. रणगाडे झाले, पेटी गेली, आणि खिडकीखालचा वाफा आला. ठसा पडद्यावर ताटाएवढा. बूट. आंधळ्यालाही दिसावा असा. दीड तास मी बाकावर नुसता चुळबुळत होतो. शेवटी तो अनवाणी माणूस पळायला लागला, लोक सावरून बसले, आणि मी उठून ओरडलो, "बूट! त्याच्या पायात बूट कुठं आहे? नीट बघा!"

"खाली बसव रं त्याला!" पीट ओरडलं. डोअरकीपरनं दंड धरून मला बाहेर काढला. पडद्यावर माझी सावली पडली असणार.

सांगलीला परत आल्यावर आधी गिरणीचं दार गाठलं. भोंगा झाला, तो बाहेर आला. मी एका दमात सगळं सांगितलं. साताऱ्याला गेलो, खेळ पुन्हा बघितला, ठसा बघितला, तू म्हणालास तसाच, टाच खोल, मधे मोकळं.

त्यानं ऐकून घेतलं. मग एक डोळा बारीक करून विचारलं, "डावा हुता का उजवा?"

मी बघितलं नव्हतं.